सुतारपक्षी, मेंदू आणि ड्युअरसन यांचा प्रश्न

विज्ञानाचे काम कसे चालते हे दाखवणारा एखादा चित्रपट वर्गात दाखवता येईल का, असे शिक्षक आम्हाला वरचेवर विचारतात. खरे सांगायचे तर अशा चित्रपटांची यादी फार लांब नाही. पडद्यावरचा शास्त्रज्ञ बहुधा विक्षिप्त असतो, त्याला रात्री अचानक काहीतरी सुचते आणि सकाळी जग वाचते. पीटर लँडेसमन यांनी दिग्दर्शित केलेला 'कन्कशन' हा २०१५ सालचा अमेरिकन चित्रपट या वळणाचा नाही, म्हणून तो आम्हाला सुचवण्याजोगा वाटला. दोनदा पाहिल्यावर मात्र काही शंका मनात आल्या आणि त्या बहुतेक एका दुय्यम पात्राभोवती फिरतात. ते पात्र म्हणजे डेव्ह ड्युअरसन.

चित्रपटाची हकिगत थोडक्यात अशी. बेनेट ओमालू हे नायजेरियात जन्मलेले विकृतिशास्त्रज्ञ पिट्सबर्गमध्ये शवविच्छेदनाचे काम करीत होते. २००२ साली माइक वेबस्टर या एकेकाळच्या नामांकित फुटबॉलपटूचा मृतदेह त्यांच्यापुढे आला. वय अवघे ५०, पण गेली काही वर्षे स्मृती आणि मनाचा तोल दोन्ही ढळलेली. मेंदू बाहेरून अगदी नेहमीसारखा दिसत होता. ओमालूंनी तो टाकून न देता त्याचे पातळ काप करवून घेतले, ते रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि त्यांना टाऊ नावाच्या प्रथिनाच्या गाठी दिसल्या. २००५ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. व्यावसायिक फुटबॉल लीगने नेमलेल्या डॉक्टरांनी तो मागे घ्यावा अशी मागणी केली. पुढे संघर्ष होतो आणि विल स्मिथ या नटाने ओमालूंची भूमिका समजून केली आहे.

एक गोष्ट चित्रपटाने फार चांगली साधली आहे. 'काही दिसले नाही' आणि 'काही नाही' या दोन विधानांत किती अंतर आहे, ते मेंदूच्या कापांच्या प्रसंगातून विद्यार्थ्याला न सांगता कळते. एवढ्यासाठीसुद्धा पहिला तासभर चित्रपट दाखवावा असे आम्ही म्हणू.

आता ड्युअरसन यांच्याकडे वळू. त्याआधी ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी चार शब्द. अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपण खेळतो तो फुटबॉल नव्हे. लंबगोल चेंडू बहुतेक वेळ हातात घेऊन पळायचे किंवा फेकायचे असते. चेंडू ज्यांच्याकडे असेल त्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावे लागते, आणि समोरच्या अकरा जणांनी त्यांना अंगाने अडवून पाडायचे असते. व्यावसायिक खेळात आक्रमणाचे खेळाडू वेगळे आणि बचावाचे वेगळे असतात. बचावात सर्वांत मागे उभा राहणारा तो 'सेफ्टी'. पुढची फळी फोडून कोणी निसटला की त्याला गाठणे हे सेफ्टीचे काम. कबड्डीत चढाई करणाऱ्याला मध्यरेषेच्या आत धरून ठेवतात तसेच हे, असे म्हणता येईल. फरक इतकाच की सेफ्टी दहापंधरा मीटर धावत येऊन आदळतो आणि समोरचाही थांबलेला नसतो.

ड्युअरसन हे सेफ्टी होते. इंडियाना राज्यातील मन्सी या गावी १९६० साली त्यांचा जन्म झाला. नोत्र दाम विद्यापीठातून ते अर्थशास्त्राची पदवी सन्मानाने मिळवून बाहेर पडले, आणि १९८३ साली शिकागो बेअर्स संघाने त्यांना निवडले. पहिली दोन वर्षे राखीव म्हणून गेली. १९८५ मध्ये टॉड बेल हा नेहमीचा सेफ्टी कराराच्या वादामुळे खेळला नाही, ती जागा ड्युअरसन यांना मिळाली आणि त्यांनी ती पुन्हा सोडली नाही. त्या वर्षीचा शिकागोचा बचाव या खेळाच्या इतिहासात गाजलेला आहे. बडी रायन या प्रशिक्षकाने रचलेल्या या व्यूहाला 'सेहेचाळीस' म्हणत. डग प्लँक या आधीच्या सेफ्टीच्या पाठीवर तो आकडा असे, त्यावरून हे नाव पडले. मागे उभे राहायचे ते खेळाडूही पुढच्या फळीजवळ आणून चेंडू फेकणाऱ्यावर, म्हणजे क्वार्टरबॅकवर, लोटायचे ही त्यातली युक्ती. साखळीतल्या सोळांपैकी पंधरा सामने त्या संघाने जिंकले आणि २६ जानेवारी १९८६ रोजी न्यू ऑर्लिन्सला झालेल्या अंतिम सामन्यात न्यू इंग्लंडला ४६-१० असे हरवले.

पुढच्या मोसमात ड्युअरसन यांनी क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्याआधीच सात वेळा पाडले. मागच्या फळीतल्या खेळाडूचा हा उच्चांक २००५ पर्यंत टिकला. १९८५ ते १९८८ अशी सलग चार वर्षे निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी त्यांची निवड झाली. समाजकार्यासाठी दिला जाणारा लीगचा मानाचा पुरस्कार १९८७ साठी त्यांना मिळाला. १९९० च्या मोसमात ते न्यूयॉर्क जायंट्सकडे गेले, तेथेही अंतिम सामना जिंकला आणि फिनिक्स कार्डिनल्समध्ये तीन वर्षे काढून १९९३ मध्ये निवृत्त झाले. अकरा मोसम. त्याआधी विद्यापीठाचे चार आणि शाळेतले वेगळे.

या कारकिर्दीकडे पदार्थविज्ञानाच्या नजरेने एकदा पाहू. ड्युअरसन यांचे वजन सुमारे ९४ किलोग्रॅम. ते सेकंदाला ७ मीटर वेगाने धावत आले असे धरले, तर त्यांची गतिज ऊर्जा साधारण २३०० ज्यूल भरते. एवढ्याच वस्तुमानाची वस्तू अडीच मीटर उंचीवरून सोडली तर जमिनीवर आदळताना तिच्यात तेवढीच ऊर्जा असेल. (अर्धे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग आणि वस्तुमान गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले उंची ही दोन सूत्रे नववीच्या मुलांना येतात, उदाहरण फळ्यावर घालायला हरकत नाही.) ही ऊर्जा खांदा, छाती, हेल्मेट, समोरच्याचे शरीर यांत वाटली जाते. हेल्मेट कवटी फुटू देत नाही आणि ते काम ते उत्तम करते. कवटीच्या आतला मेंदू हलणे मात्र ते थांबवू शकत नाही.

चित्रपटाचे विज्ञान येथेच घसरते असे आमचे मत आहे. ओमालू वरिष्ठांपुढे आपले म्हणणे मांडतात तेव्हा सुतारपक्ष्याचा दाखला देतात. या पक्ष्याची जीभ मागून कवटीला वळसा घालून येते, ती मेंदूला पट्ट्यासारखी सावरते; माणसाला असे काही संरक्षण नाही. माणसाला गुरुत्वत्वरणाच्या साठपट त्वरणाला हादरा बसतो, मैदानावरच्या टकरीत ते शंभरपट असते; तेव्हा माणूस हा खेळ खेळण्यासाठी घडवलेलाच नाही. प्रसंग परिणामकारक आहे. मुले टाळ्या वाजवतील. पण त्यातले एकेक विधान तपासून पाहावे.

सुतारपक्ष्याच्या जिभेची रचना खरोखरच तशी आहे. तिच्यामुळे किंवा कवटीतल्या सच्छिद्र हाडामुळे धक्का शोषला जातो, ही मात्र वर्षानुवर्षे चालत आलेली समजूत होती. आमच्यासारख्यांच्या लेखांतूनही ती बिनदिक्कत छापली गेली आहे, हे कबूल केले पाहिजे. २०२२ साली बेल्जियममधील अँटवर्प विद्यापीठाचे सॅम व्हान वासेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन जातींच्या सुतारपक्ष्यांचे अतिवेगवान चित्रण तपासून दाखवले, की चोच ज्या दराने थांबते त्याच दराने कवटीही थांबते. मधे काही शोषले जात नाही. डोके ताठ हातोड्यासारखे काम करते, आणि विचार केला तर ते बरोबरच आहे. धक्का शोषणारा हातोडा खिळा काय ठोकणार! मग पक्ष्याला काही कसे होत नाही? त्याचा मेंदू लहान असतो म्हणून. सारख्याच त्वरणात लहान मेंदूच्या आत निर्माण होणारा दाब लांबीच्या प्रमाणात कमी असतो. हे संशोधन चित्रपटानंतरचे आहे, तेव्हा दिग्दर्शकाला दोष देता येणार नाही. आज तो प्रसंग दाखवणाऱ्या शिक्षकाने मात्र पुढचे सांगितलेच पाहिजे.

साठपट त्वरणाचे काय? विद्यापीठांच्या खेळाडूंच्या हेल्मेटमध्ये संवेदक बसवून केलेल्या मोजणीत असा एकही काटेकोर आकडा सापडलेला नाही, ज्याच्या खाली हादरा बसत नाही आणि वर बसतोच. शंभरपट त्वरणाचे धक्के खाऊन काही न होणारे खेळाडू आहेत आणि त्याहून कमी धक्क्याने भोवळ येणारेही आहेत. कारण धक्का सरळ बसला की डोके फिरवणारा बसला, याला फार महत्त्व आहे. ऑक्सफर्डमधील पदार्थवैज्ञानिक होलबर्न यांनी १९४३ सालीच ही गोष्ट मांडली होती. मेंदूचे द्रव्य दाबले तर आकारमानाने फारसे कमी होत नाही. पण जेलीप्रमाणे त्याचे थर एकमेकांवर सरकवायला अगदी थोडे बल पुरते. डोके झटक्याने फिरले की कवटी आधी फिरते, आतला भाग जडत्वामुळे मागे राहतो आणि मधले तंतू ताणले जातात. होलबर्न यांनी कवटीच्या आकारात जिलेटिन भरून हे पाहिले.

हा प्रयोग शाळेत सोपा आहे. चायना ग्रासची जेली गोल पारदर्शक डब्यात काठोकाठ जमवावी, जरा सैलच ठेवावी. पृष्ठभागावर मध्यातून जाणारी एक सरळ रेघ शाईने ओढून झाकण घट्ट लावावे. डबा टेबलावर सरळ रेषेत झटक्याने सरकवला तर रेघ जवळपास सरळच राहते. तोच डबा जागच्या जागी झटक्याने फिरवला की रेघ वाकते आणि परत येते. चित्रपटातल्या सुतारपक्ष्यापेक्षा हा डबा मुलांना जास्त शिकवील.

तंतू ताणले गेल्यावर आत काय होते? चेतापेशीच्या लांब शेपटात सूक्ष्म नळ्यांच्या जुड्या असतात आणि टाऊ हे प्रथिन त्यांना आधार देते. बांधकामावरच्या परांचीचे बांबू काथ्याने बांधलेले असतात, तसे समजा. ताण बसला की काथ्या सुटतो, सुटलेला काथ्या गुंतून त्याचे गुंडाळे होतात आणि हळूहळू शेजारच्या पेशींतही तोच प्रकार सुरू होतो. वर्षे जातात. खेळ सुटलेला असतो, डोक्याला धक्काही बसत नसतो, तरी आतली पडझड चालूच राहते. या ऱ्हासाला 'क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपॅथी', थोडक्यात सीटीई, म्हणतात. चित्रपट पाहून असे वाटते की हे सारे ओमालूंनी प्रथमच शोधले. मुष्टियोद्ध्यांमधील अशा विकाराचे वर्णन अमेरिकेतील हॅरिसन मार्टलँड यांनी १९२८ साली केले होते, आणि सीटीई हे नावही १९४० च्या दशकापासून वैद्यकीय वाङ्मयात आहे. ओमालूंनी तो फुटबॉलपटूत दाखवला. हे श्रेय लहान नाही. ते फुगवण्याची गरज नव्हती.

आमचा मोठा आक्षेप चित्रपटाच्या नावालाच आहे. कन्कशन म्हणजे मेंदूला बसणारा जाणवण्याजोगा हादरा: शुद्ध हरपते, डोळ्यांपुढे अंधारी येते, खेळाडूला उचलून बाहेर नेतात. नाव ऐकून कोणालाही वाटेल की असे हादरे मोजले, खेळाडूला काही दिवस बसवून ठेवले की प्रश्न मिटला. संशोधन वेगळेच सांगते. ६३१ मृत फुटबॉलपटूंच्या मेंदूंवरील २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नोंदलेल्या हादऱ्यांच्या संख्येचा आणि सीटीईचा संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो आयुष्यभरात डोक्यावर साचत गेलेल्या एकूण बलाशी. त्याआधी २०२० मधील एका अभ्यासात खेळाच्या प्रत्येक वर्षामागे सीटीई असण्याची शक्यता, संख्याशास्त्रात 'ऑड्स' म्हणतात त्या मापाने, ३० टक्क्यांनी वाढते असे आढळले होते. चक्रवाढीने हिशेब केला तर दर २.६ वर्षांनी ती दुप्पट. म्हणजे खेळाडूलाही न जाणवलेले, ज्यांची कोठे नोंद नाही असे धक्केच हिशेबात येतात. एका मोसमात असे धक्के काहीशे ते हजारावर असू शकतात. ड्युअरसन यांच्या त्या सात गाजलेल्या पाडावांची नोंद पुस्तकात आहे. सरावाच्या वेळी दररोज सकाळी काय झाले त्याची नाही.

आणि आता चित्रपटातल्या ड्युअरसन यांच्याविषयी. पडद्यावर ते ताठ, उर्मट गृहस्थ आहेत. मदत मागायला आलेल्या आंद्रे वॉटर्स या जुन्या खेळाडूला ते झिडकारतात, ओमालूंचा अपमान करतात. कथेला एक खलनायक हवा होता तो असा मिळाला. हे प्रसंग घडलेलेच नाहीत असा आक्षेप ड्युअरसन यांच्या कुटुंबीयांनी चित्रपट प्रदर्शित होतानाच घेतला. दिग्दर्शकांनी आपल्या चित्रणाचे समर्थन केले. त्या वादात आम्ही पडत नाही. प्रत्यक्षात जे घडले आणि ज्याची सरकारी नोंद आहे, तेच चित्रपटापेक्षा जास्त विचार करायला लावणारे आहे.

२००६ साली ड्युअरसन निवृत्त खेळाडूंच्या अपंगत्व-निधीच्या मंडळावर गेले. या मंडळात मताधिकार असलेले सहा सदस्य, तीन मालकांचे आणि तीन खेळाडूंच्या संघटनेचे. ड्युअरसन संघटनेच्या बाजूने होते. आपली स्मृती जात आहे, हात चालत नाहीत, अशा अर्जांवर हे मंडळ निर्णय देई. सप्टेंबर २००७ मध्ये सिनेटच्या समितीपुढे साक्ष देताना त्यांनी आपल्या वडिलांचे उदाहरण सांगितले. वडील ८४ वर्षांचे, तीस वर्षे मोटारींच्या कारखान्यात काम केलेले, कधीही व्यावसायिक खेळ न खेळलेले. त्यांना अल्झायमर झाला आहे. मग मेंदूची हानी नेमकी कशातून आली हे विचारणे रास्त नाही का, असा त्यांचा मुद्दा होता.

शिक्षकांनी या प्रश्नावर थोडे थांबावे. तो मूर्खपणाचा नाही. एखाद्या माणसाने अमुक केले आणि त्याला तमुक रोग झाला, एवढ्यावरून कारण ठरत नाही. ज्यांनी ते केले नाही त्यांच्यातही तो रोग दिसतो का हे पाहावे लागते. तुलनेसाठी दुसरा गट हवा, हे आपण आठवीपासून शिकवतो. ड्युअरसन यांनी नकळत तोच आग्रह धरला. चूक प्रश्नात नव्हती, तो विचारण्याच्या जागेत होती. प्रयोगशाळेत शंका घेणाऱ्याचे नुकसान होत नाही. उत्तर मिळेपर्यंत थांबता येते. निधीच्या मंडळापुढे आलेला माणूस थांबू शकत नाही, आणि सिद्ध करण्याचा सारा भार, मेंदू धड चालत नसताना, त्याच्यावरच असतो. शिवाय याच निधीच्या मंडळाने १९९९ साली माइक वेबस्टर यांचे अपंगत्व खेळातील डोक्याच्या दुखापतींमुळे आले आहे हे मान्य केले होते. त्या काळात लीगची वैद्यकीय समिती उलट सांगत होती. १९९४ मध्ये नेमलेल्या या समितीचे प्रमुख, लक्षात घ्या, सांधेदुखीचे तज्ज्ञ होते.

याच सुमारास ड्युअरसन यांचे स्वतःचे आयुष्य उसवत होते. १९९५ मध्ये त्यांनी मांसपदार्थांच्या एका कारखान्यात मोठा हिस्सा घेतला होता, २००१ पासून ते नोत्र दामचे विश्वस्त होते. २००५ मध्ये पत्नीला धक्काबुक्की केल्याचा गुन्हा त्यांनी कबूल केला आणि विश्वस्तपद गेले. पुढे व्यवसाय बुडाला, विवाह मोडला, दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. १७ फेब्रुवारी २०११ रोजी फ्लॉरिडात त्यांनी आत्महत्या केली. वय ५०, वेबस्टर यांच्याइतकेच. आपला मेंदू तपासणीसाठी संशोधकांकडे द्यावा, असे त्यांनी लिहून ठेवले होते. (हा भाग चित्रपटात दाखवला आहे. तो वर्गात दाखवू नये, आणि तोंडी सांगतानाही तपशिलात शिरू नये.)

मेंदू बॉस्टन विद्यापीठात ॲन मकी यांच्याकडे गेला. त्याच वर्षी मे महिन्यात निष्कर्ष जाहीर झाला: सीटीईची ठळक लक्षणे, विचार, आवेग, भावना आणि स्मृती यांच्याशी संबंधित भागांत बरीच पसरलेली, दुसऱ्या कोणत्याही विकाराची खूण नाही. हे शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे. अल्झायमर आणि सीटीई या दोहोंत टाऊच्या गाठी असतात, पण सीटीईत त्या मेंदूच्या घड्यांच्या तळाशी, बारीक रक्तवाहिन्यांभोवती आधी जमतात. अल्झायमरमध्ये मांडणी वेगळी असते आणि ॲमिलॉइड प्रथिनाचे थरही सापडतात. वडिलांचा रोग आणि फुटबॉलपटूंचा रोग एकच की वेगळे, असा ड्युअरसन यांचा सिनेटपुढचा प्रश्न होता. त्याचे उत्तर त्यांच्याच मेंदूच्या कापांवर मिळाले. एवढी विलक्षण गोष्ट हाताशी असताना चित्रपटकर्त्यांनी त्यांना खलनायक करून सोडून दिले, याची आम्हाला खरोखर हळहळ वाटते. ॲन मकी यांच्या कामाला न्याय देणेही मग राहूनच गेले.

तरीही सीटीईमुळेच ड्युअरसन यांनी जीव दिला असे म्हणता येईल का? चित्रपट तसे सुचवतो. आम्ही म्हणणार नाही. कर्ज, मोडलेले घर, एकटेपण ही कारणे तेथे होतीच, आणि व्यवसाय व घर मोडण्यात त्या रोगाचा वाटा किती, हे एका माणसाच्या बाबतीत कोणतेही काप सांगू शकत नाहीत. येथे ड्युअरसन यांची शंका त्यांच्याच बाबतीत लावावी लागते.

आकड्यांबाबतही तेच. २०१७ साली बॉस्टनच्या गटाने १११ माजी व्यावसायिक खेळाडूंचे मेंदू तपासले, त्यांपैकी ११० जणांत सीटीई आढळला. वर्तमानपत्रांनी लगेच ९९ टक्के असा मथळा दिला. पण मेंदू कोणी दिले? ज्यांच्या घरच्यांना काहीतरी बिघडल्याचा संशय होता त्यांनी. दवाखान्याच्या दारात उभे राहून येणाऱ्यांची मोजणी केली तर सारे गाव आजारीच निघेल. संशोधकांनी ही मर्यादा निबंधात स्वतःच स्पष्ट लिहिली होती. मग आकडा टाकाऊ का? नाही, आणि हा हिशेब मुलांकडून करून घ्यावा. मेंदू जमा होत होते त्या काळात मरण पावलेले या लीगचे माजी खेळाडू अकराशेच्या आसपास होते. तपासल्या न गेलेल्यांपैकी एकालाही सीटीई नव्हता असे हट्टाने धरले, तरी प्रमाण दर शंभरी नऊ-दहाच्या खाली येत नाही. तुलनेचा गटही आता आहे. फ्रेमिंगहॅम येथील हृदयविकाराच्या दीर्घ पाहणीतील स्त्रीपुरुषांच्या १६४ मेंदूंत सीटीई फक्त एकात सापडला, आणि तो एक जण विद्यापीठात फुटबॉल खेळलेला होता.

लीगने हा संबंध २०१६ मध्ये काँग्रेसच्या समितीपुढे मान्य केला. खेळाडूंशी झालेल्या तडजोडीत मृत्यूनंतर सापडलेल्या सीटीईसाठी भरपाई आहे, पण ती २२ एप्रिल २०१५ पूर्वी वारलेल्यांपुरतीच. या रोगाचे पक्के निदान अजूनही मृत्यूनंतरच, सूक्ष्मदर्शकाखाली करता येते.

वर्गात हा चित्रपट दाखवायचा असेल तर आमची सूचना अशी: वेबस्टर यांच्या मेंदूचे काप रंगवून पाहण्याच्या प्रसंगापर्यंत दाखवावा. सुतारपक्ष्याचे भाषण त्यानंतर सुटे करून दाखवावे आणि त्यातले कोणते विधान कसे तपासता येईल हे मुलांनाच विचारावे. चायना ग्रासचा डबा आदल्या रात्री तयार करून ठेवावा, कारण जेली नीट जमायला वेळ लागतो. शेवटी १११ पैकी ११० हा आकडा फळ्यावर लिहून मेंदू कोणी दिले असतील, एवढेच विचारावे. आमचा अनुभव असा, की मागच्या बाकावरून उत्तर लवकर येते.